सतरा नंबरची पोती

आमच्या आईचं एक सांगणं होतं. आपला माल उंदरांनी खाल्ला तरी चालेल, दुसऱ्याची ठेव मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळायची. मी सासरी आले तेव्हा ते सांगणं सोबत घेऊन आले. गावात कुणाला परगावी जायचं झालं की बियाणं, भांडी, एखादी दुभती शेळीसुद्धा आमच्याकडे यायची. पार्वतीबाईच्या घरी ठेवलं म्हणजे राहिलं, असं लोक म्हणायचे. मला त्याचा अभिमान होता.

आणि एक पांढरी पावडर होती. नव्वदच्या सुमारास ती कुरुंद्याच्या बाजारात कुठल्याही दुकानात सुटी मिळायची, कागदाच्या पुडीत बांधून; घरी आणून आम्ही ती डब्यात भरायचो. ज्वारीच्या कणगीत, गुरांच्या अंगावर, चुलीमागच्या मुंग्यांवर आम्ही तीच टाकायचो. पोरींच्या डोक्यातल्या उवांनाही कुणी कुणी लावायचं. तिचा कोंदट वास अजून माझ्या नाकात आहे. तो वास आला की घरातलं धान्य शाबूत आहे, असं वाटायचं.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या गावात हळदीचा निर्यात गट झाला. बावीस शेतकरी, आणि माझे मालक विश्वंभरराव गटाचे प्रमुख. कंपनीचे साहेब आले, शाळेच्या ओसरीत सगळ्यांना बसवून त्यांनी सांगितलं, की बाहेरचे देश आता हळद नुसती रंगावर घेत नाहीत. तिच्यात कुठल्या औषधाचा अंश आहे ते यंत्रावर बघतात. सरकारनंही त्यापायी नियम कडक केलेत, काही औषधं तर कायमची बंद केलीत. ती पांढरी पावडर त्यात पहिली होती. घरात असतील ते डबे आणून द्या, म्हणाले.

मालकांनी दिसले तेवढे डबे नेले. एक मी कणगीमागे सरकवला. साहेब शेताचं बोलत होते, माझ्या कणगीचा त्यांच्याशी काय संबंध, असं मी मनाशी म्हटलं.

गटात तांड्यावरचा एकच माणूस होता, खेमा राठोड. त्याला घेताना कुरकुर झाली होती. गटातला मुंजाजी म्हणाला होता, "तांड्यावर कापसाला वरून खालून औषध मारतात. हे हळद काय कोरडी ठेवणार?" खेमा हसून म्हणाला, "मुंजाजीभाऊ, तुमी या की राखणीला. दोन टाइम भाकर देतो." पण हळदीला औषध लागू न द्यायचा शब्द त्यानं पाळला. हळदीच्या बांधावर त्यानं तुरीच्या चार ओळी लावल्या, शेजारच्या कापसाची फवारणी उडून येऊ नये म्हणून. त्याचा नंबर सतरा. प्रत्येक पोत्यावर ज्याचा त्याचा नंबर रंगवलेला असायचा.

दुसऱ्या वर्षी एप्रिलात आमची पोती कंपनीच्या गोदामाला गेली. हळद घासून पॉलिश करायच्या यंत्रावर खेमाची पाळी उशिरा आली, त्याची चौदा पोती मागे राहिली. आभाळ रोज भरून यायचं आणि त्याच्या घरावरचे पत्रे गळके. शिवाय वारंगा गावी दिलेल्या लेकीचं बाळंतपण आलं, नवरा-बायकोला जाणं भाग होतं. त्यानं पोती आमच्या कोठीत आणून लावली.

"वहिनी, तुमच्या भरवशावर हाय," तो म्हणाला.

"लेकीकडं बघ जा," मी म्हटलं. "हिकडची फिकीर करू नको."

चौथ्या दिवशी कोठी झाडताना मला भिंतीवरून उतरलेली उधईची, म्हणजे वाळवीची, ओली माती दिसली. ती खालच्या पोत्याला लागली होती. मालक हिंगोलीला गेलेले. मी पोती ओढून पाहिली, एकटीला हलेनात. मग कणगीमागचा डबा काढला. फरशीवर, पोत्यांच्या खाली, शिवणींवर, जिथं हात पोचला तिथं पावडर टाकली. आपल्या मालाला टाकते त्याच्या दुप्पट टाकली. ठेव होती ना.

खेमा परतायच्या आदल्या दिवशी उधई मेली होती. मी सुपलीनं खालचं गोळा केलं आणि ओल्या फडक्यानं सगळी पोती पुसली. पुसताना माझा हात का घाईत होता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलंच होतं.

जूनमध्ये तपासणीचा कागद आला. सतरा नंबरच्या नमुन्यात बंद केलेली पावडर निघाली होती. एकाच्या मालात निघाली म्हणून सबंध गटाचा माल त्या साली बाहेर गेला नाही, सगळ्यांना आपल्या बाजारात विकावा लागला. शाळेच्या ओसरीत पुन्हा बैठक बसली. बायका मागे भिंतीला टेकून होत्या, त्यांत मी आणि खेमाची बायको रुख्मिणीबाई शेजारी शेजारी.

"म्या सांगितलं नव्हतं?" मुंजाजी म्हणाला. "एकानं बावीस जणांच्या तोंडाला काळं फासलं."

खेमा उभा होता. "साहेब, म्या काहीच टाकलं न्हाई. मातीची आण घेतो."

"माल कुठे होता शेवटी?" साहेबांनी विचारलं.

"विश्वंभररावांच्या कोठीत. पण तिथलं सोडा साहेब. वहिनीनं माहा माल लेकरावानी सांभाळला. तिथं काही व्हायचं कारणच न्हाई."

साहेबांनी तरी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही काही टाकलं होतं?"

मालक गटाचे प्रमुख. ओसरीत सगळं गाव. आणि मी ती, जिच्या घरी ठेवलेलं राहतं.

"न्हाई," मी म्हटलं.

एवढंच. खेमानं मान हलवली, जणू त्याचंच म्हणणं खरं ठरलं. त्याला गटातून काढलं. नियम तीन वर्षांचा होता, पण लोकांचा नियम संपला नाही. खेमाला लोक फवाऱ्या म्हणू लागले. चहाच्या टपरीवर तो आला की कुणीतरी नाक दाबायचं. तो मात्र आमच्या दारावरून जाताना रोज थांबायचा. "बरं हाय का, वहिनी?" मी आत काहीतरी शोधायला जायची. डबा मी त्याच आठवड्यात ओढ्याकाठी पुरला होता. त्यानं काय पुरलं गेलं?

सहा वर्षांनी खेमा काविळीनं गेला. पुढच्या वर्षी त्याच्या मुलानं, रणजीतनं, गटात यायला अर्ज दिला. मालक जेवताना म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. पण लोक ऐकून घ्यायचे न्हाईत. बापाचं नाव आड येतंय."



दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेले. रुख्मिणीबाई लिंबाखाली हळदीचं बेणं निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. डबा, उधई, ओलं फडकं.

तिनं निवडणं थांबवलं नाही. तशीच म्हणाली, "मले काहून सांगून राहिली, बाई?"

"चूक झाली माझी."

"मले ठाऊक व्हतं त्यानं टाकलं न्हाई. बैठकीच्या दिवशीबी ठाऊक व्हतं अन् तो मरतानाबी." एक सडका गड्डा तिनं बाजूला फेकला. "ज्याहीनं नाक दाबलं, त्याहीले सांग. माह्या घरी येऊन रडू नको."

मी रडत नव्हते. पण ती म्हणाली ते बरोबर होतं. मी तिच्याकडे हलकी व्हायला गेले होते.

बैठक सोमवारी होती. आता कंपनीकडून प्रियदर्शनी नावाच्या एक तरुण बाई यायच्या. रणजीतचा अर्ज निघाला तसा मुंजाजी खाकरला. त्यानं काही बोलायच्या आत मी भिंतीपासून उठले. मालकांना मी घरी काही सांगितलं नव्हतं. ते वळून बघू लागले.

"सतरा नंबरच्या मालात पावडर मी टाकली होती," मी म्हटलं. "खेमा गावात नव्हता. नंतर मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

प्रियदर्शनीबाईंनी जुनं रजिस्टर मागवलं. त्यातली ओळ खोडता येत नाही, म्हणाल्या, फक्त खाली नवी ओळ लिहिता येते. मी नाव, साल आणि पावडर सांगितली, त्यांनी लिहून घेतली, मी सही केली. वरच्या ओळीत खेमाचं नाव तसंच होतं.

रणजीतला गटात घेतलं. नंबर त्यानं मागून सतराच घेतला. आमचं घर नियमाप्रमाणे तीन वर्षांसाठी बाहेर झालं आणि मालकांचं प्रमुखपद गेलं. त्या दिवशी ते घरापर्यंत माझ्यापुढे वीस पावलं चालत होते. पुढे आठ दिवसांनी एवढंच म्हणाले, "मला तर सांगायचं होतंस." कधी, ते त्यांनी म्हटलं नाही.

पुढल्या एप्रिलात आभाळ पुन्हा भरून आलं. तांड्यावरचे पत्रे अजून गळत होते. आमची कोठी रिकामी होती, मी ती धुऊन, चुना मारून ठेवली होती. कशासाठी, ते मला नीट सांगता येणार नाही. दुपारी रणजीतची बैलगाडी पोती घेऊन आमच्या दारावरून गेली. मी ओट्यावर होते. त्यानं बापासारखी गाडी थांबवली.

"बरं हाय का, काकू?"

"बरं हाय, बाबा."

मग त्यानं कासरा ओढला आणि गाडी पुढे मुंजाजीच्या कोठीकडे वळवली.