दुपारी जाणारी वीज

देवपुरातल्या घरात अभिमननं स्वतः पेटी बनवून मीटरजवळ बसवली. विजेचा भार फार वाढला, की ती घरभरची वीज तोडायची. रोज दुपारी वीज जाऊ लागली, तसा त्याला वरच्या भाडेकरूचा, नवीनचा संशय आला.

"चोरून शेगडी लावतोस ना?"

"भाऊ, दुपारी मी कामावर असतो."

अभिमनला ते पटेना. दुसऱ्या दिवशी तो जिन्याखाली दबा धरून बसला. वीज गेली. वर पाहिलं, तर कुलूप. तेवढ्यात आईच्या खोलीतून भाजल्या रव्याचा वास आला. गोड खायची मनाई असलेल्या वच्छलाबाई, सुनेला कळू नये म्हणून दार लोटून, विजेच्या शेगडीवर शिरा परतत होत्या.

"पहिले तुनी पेटी काढ," त्या करवादल्या, "रोज शिरा कच्चा राही जास."

संध्याकाळी अभिमननं नवीनची माफी मागितली. कारण मात्र सांगितलं नाही.