खिडक्या उघडतात : होय

दीड वर्षानं बाईंसमोर चौथीच्या वर्गाचं कुलूप निघालं, तेव्हा आतून असा कुबट भपकारा आला की शिपाईमामा दोन पावलं मागे सरकले. बाई मात्र नाकावरचा मास्क घट्ट करून आत गेल्या. साथीमुळे शाळा बंद झाली त्या दिवशीची तारीख अजून फळ्यावर होती. बाकांवर बोटभर धूळ होती आणि जमिनीवर गेल्या आठवड्यात रंगारी घाईत काढून गेले ते पिवळे गोल. मुलांनी एकमेकांपासून दोन हात लांब बसावं म्हणून प्रत्येकाला एक गोल.

“छान दिसतायत,” मामा म्हणाले.

“दिसायला काय, छानच आहेत. पण मामा, हवा कुठून येणार?”

मामांनी रस्त्याकडच्या भिंतीकडे पाहिलं. त्या भिंतीला चार खिडक्या होत्या, पण परक्या माणसाला त्या शोधून सापडल्या नसत्या. बारा वर्षांपूर्वी या शाळेत मोठ्या परीक्षेचं केंद्र असायचं. बाहेरून कुणीतरी चिठ्ठ्या आत टाकताना पकडला गेला, वरून फर्मान आलं, आणि शाळेतल्या झाडून सगळ्या खिडक्यांवर प्लायवूडचे तक्ते ठोकले गेले. पुढे त्यांच्यावर भिंतीचा रंग चढला आणि रंगावर पाढे. परीक्षेचं केंद्र केव्हाच दुसरीकडे गेलं, तक्ते तेवढे राहिले. उन्हाळ्यात मुलं घामानं निथळायची. बाईंनी दोनदा अर्ज केला होता, दोन्ही अर्ज कुठल्या तरी कपाटात सुखानं झोपले होते. पण तेव्हा प्रश्न उकाड्याचा होता. आता आजार हवेतून पसरत होता आणि अडतीस मुलं या डबीत बसवायची होती.

मुख्याध्यापकांच्या टेबलावर फॉर्म पडला होता. बावीस कलमं, प्रत्येकापुढे होय किंवा नाही. ताप मोजायचं यंत्र आहे : होय. हात धुवायला साबण आहे : होय. सातवं कलम, वर्गाच्या खिडक्या उघडतात. चौदापैकी तेरा वर्गांपुढे ‘होय’ लिहून सह्या झाल्या होत्या.

“तुमचीच राहिलीय, बाई.”

“सर, खिडक्या उघडत नाहीत.”

“ते मला ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे. हा वर पाठवायचा कागद आहे. एक ‘नाही’ गेलं की सगळी शाळा अडकते. सोमवारी उघडायचीय, साहेब येणार आहेत, फोटोवाले येणार आहेत.”

“आज गुरुवार. चार दिवसांत तक्ते काढून होतील.”

“त्याला अंदाजपत्रक लागतं, मंजुरी लागते. आणि बाई, शाळा उघडा, शाळा उघडा म्हणून सगळ्यात जास्त कोण ओरडत होतं? तुम्हीच ना?”

हे मात्र खरं होतं. मोबाइलवरच्या शिकवण्यांत अडतीसपैकी अकरा मुलं दिसायची, त्यातल्या चौघांचा आवाज यायचा नाही. बाईंनी प्रत्येक बैठकीत शाळा उघडण्याचा धोशा लावला होता.

“अजूनही तेच म्हणते,” त्या म्हणाल्या. “शाळा उघडा. नुसतं फाटक नव्हे.”

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि संमतीपत्रांचा गठ्ठा घेऊन बाहेर पडल्या.

तो गठ्ठा घरोघरी जाऊन पालकांच्या सह्या आणण्यासाठी होता. चौथं घर भिंगरीचं. एका जागी दोन मिनिटं टिकत नाही म्हणून वर्गानंच तिला ते नाव दिलं होतं. दोन खोल्यांचं घर, आतल्या खोलीत कॉटवर आजी. आजींना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागे. भिंगरीची आई दारं-खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. ती नुकतीच आली होती, तिच्या केसांत अजून लाकडाचा भुसा होता. तिनं संमतीपत्र उभ्या उभ्या वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं.

“‘पाल्य आजारी पडल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.’ बाई, तुम्ही घरच्यासारख्या, म्हणून विचारते. आमची सही घेताय. तुमची कुठाय?”

“म्हणजे?”

“म्हणजे पोरगी आजारी पडली तर आम्ही जबाबदार. तिच्यामुळे आईंना लागण झाली तर आम्ही जबाबदार. मग शाळा कशाला जबाबदार आहे?”

बाईंनी वाकून ती ओळ स्वतः वाचली. आतून आजींचा आवाज आला, “पाठव गं तिला. माझ्यापायी पोरीला अडाणी ठेवू नकोस.”

“आई, तुम्ही जरा गप बसा,” भिंगरीची आई म्हणाली आणि आवाज खाली आणून बाईंकडे वळली. “धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत झालीय माझी. पाठवली तर आईंच्या जिवाची भीती. नाही पाठवली तर पोरगी हातची जाते. दिवसभर भिंतीशी बोलत बसते हो ती. तुम्ही एकदाच माझ्या तोंडावर सांगा, वर्ग सुरक्षित आहे म्हणून. मी डोळे मिटून सही करते.”

‘आहे’ म्हणायला काय लागलं असतं? तेरा जणांनी सकाळीच म्हटलं होतं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “आत्ता तरी नाही. वर्गाच्या खिडक्याच उघडत नाहीत.”

भिंगरीच्या आईनं कागद बाजूला ठेवला. “का? कशानं बंद केल्यात? खिळे की स्क्रू?”

बाईंनी उरलेली घरं तशीच सोडली, बाकीच्या सह्या पालक शाळेत आले की घ्यायच्या, आणि शुक्रवारी त्या शिक्षण कचेरीत गेल्या. तिथल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. अधिकाऱ्यांनी आपलं टेबल ओढून थेट खिडकीला चिकटवलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी दाराशी दोरी बांधली होती. दोरीअलीकडून बाईंनी आपला अर्ज पुढे केला. कारकुनानं तो वाचला, कपाळाला आठ्या घातल्या आणि फाईल उघडली.

“तुमच्या शाळेचा फॉर्म कालच आलाय. चौदा वर्ग, चौदा होय.”

“चौदा? मी सही केलेली नाही.”

कारकुनानं फॉर्म फिरवून दाखवला. चौथीपुढे ‘होय’ होतं, आणि त्याच्या बाजूला मुख्याध्यापकांची वळणदार सही, वर बारीक अक्षरात, ‘वर्गशिक्षिकेच्या वतीने’. खाली कचेरीचा शिक्का. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलांच्या वहीत एक काना इकडचा तिकडे झाला तर त्या लाल शाईनं गोल करत, आणि इथे त्यांच्या नावावर कुणीतरी अडतीस मुलांची हमी देऊन मोकळं झालं होतं.

“काय चाललंय तिथे?” खिडकीशी बसलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं.

“साहेब, हा फॉर्म खोटा आहे.”

“फॉर्म खोटा नसतो, बाई. फार तर अपुरा असतो. अर्ज ठेवून जा, पुढच्या तिमाहीत बघू.”

“साथ तिमाही बघून येते का?”

“आवाज वाढवू नका.”

बाईंनी आवाज वाढवला नव्हता. त्यांनी आणखी हळू विचारलं, “तुम्ही टेबल खिडकीशी का घेतलंत, साहेब?”

अधिकाऱ्यांनी टेबलाकडे पाहिलं, मग बाहेर पाहिलं. “उकडतं,” ते म्हणाले आणि फोन उचलला.

बाई जायला निघाल्या तेव्हा कारकुनानं हळूच फॉर्मची एक प्रत काढून त्यांच्या हातात ठेवली.

शनिवारी सकाळी बाई शाळेत आल्या, त्या वर्ग झाडून घ्यायला. त्यांनी मनाशी अजून काही ठरवलं नव्हतं. पण फाटकाशी भिंगरीची आई उभी होती, खांद्यावर हत्यारांची पिशवी.

“अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय,” ती म्हणाली. “दाखवा कुठली खोली.”

मामांनी किल्ल्यांचा जुडगा हातातल्या हातात फिरवला. “बाई, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? तुम्ही कायम आहात. माझं दर वर्षी नव्यानं नेमणुकीचं पत्र निघतं.”

“तुम्ही कुलूप काढा आणि अंगणात जा, मामा. बाकीचं माझ्यावर.”

मामांनी कुलूप काढलं. “मी झाडतोय. मला काही दिसत नाही,” असं जाहीर करून ते झाडू घेऊन गेले.

काम दिसायला सोपं होतं, पण बारा वर्षांच्या रंगानं स्क्रूची डोकी पार बुजली होती. भिंगरीची आई पटाशीच्या टोकानं प्रत्येक खाच कोरून काढी, तेलाचा थेंब सोडी आणि पुढच्या स्क्रूकडे जाई. पहिल्या तक्त्याचे बारा स्क्रू निघायला तास गेला. तक्ता सुटला तेव्हा जड निघाला. दोघींच्या हातून निसटणार, एवढ्यात तिसरे दोन हात खाली आले. मामा बाकावर चढले होते.

“साताचा पाढा आहे,” ते ओशाळून म्हणाले. “फुटायला नको.”

तक्त्यामागे खिडकीची झडप जशीच्या तशी होती. बिजागऱ्या गंजल्या होत्या. भिंगरीच्या आईनं त्या कानसल्या, तेल दिलं, खांदा लावून ढकललं, आणि झडप करकरत उघडली. उजेड थेट फळ्यापर्यंत गेला. बाईंनी वहीच्या कागदाची एक पट्टी फाडून खिडकीशी धरली. पट्टी थरथरली. मग मामांनी समोरचं दार उघडलं, तशी ती आडवी झाली.

“आरपार जातेय,” भिंगरीची आई म्हणाली. तिची अर्ध्या दिवसाची रजा संपली होती, तरी ती थांबली.

चौथी खिडकी उघडत असताना मुख्याध्यापक आले. दारातच थबकले. “हे काय? शाळेच्या मालमत्तेची नासधूस?”

“तक्ते रचून ठेवलेत, सर. स्क्रू डब्यात आहेत. मोजून घ्या.”

“कुणाच्या परवानगीनं? आणि ह्या कोण?”

“पालक,” भिंगरीची आई म्हणाली. “ज्यांची सही हवीय तुम्हाला, त्यातली एक.”

सोमवारी शाळा उघडली. फाटकावर फलक होता, त्यावर मुलांच्या फोटोपेक्षा अधिकाऱ्यांचा फोटो मोठा. अधिकारी आले, फीत कापली. फोटोवाला दोन-तीन वर्ग फिरून आला आणि म्हणाला, सगळीकडे अंधार आहे, ही चौथीची खोली बरी. मग अधिकाऱ्यांनी उघड्या खिडकीशी उभं राहून फोटो काढून घेतला. हवेशीर वर्ग ही आपल्या विभागाची ओळख असल्याचं त्यांनी तिथेच सांगितलं. बाई फळ्याजवळ उभ्या राहून ऐकत होत्या. त्याच दुपारी त्यांच्या हातात नोटीस पडली. बंद खिडक्या विनापरवानगी फोडून मालमत्तेचं नुकसान केल्याबद्दल कारवाई का करू नये, याची कारणं दाखवा. चोराच्या उलट्या बोंबा.

बुधवारी सुनावणी होती. खोलीत अधिकारी, मुख्याध्यापक आणि लिहून घ्यायला तोच कारकून. बाईंनी रात्री तीन पानांचं उत्तर लिहिलं होतं. ते त्यांनी पिशवीतून काढलंच नाही. नोटीस आणि फॉर्मची प्रत एवढेच दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

“साहेब, गुरुवारच्या या फॉर्मप्रमाणे माझ्या वर्गाच्या खिडक्या उघडतात. सरांची सही आहे, तुमचा शिक्का आहे. मग शनिवारी मी कुठल्या बंद खिडक्या फोडल्या?”

कारकुनानं मान वहीत घातली, त्याचे खांदे हलत होते. अधिकाऱ्यांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं, मुख्याध्यापकांनी स्वतःच्या बुटांकडे.

“एक तर नोटीस खोटी, नाही तर फॉर्म,” बाई म्हणाल्या. “कुठलं खोटं ते तुम्ही ठरवा आणि मला लेखी द्या.”

“बाई, एवढं ताणायचं नसतं,” अधिकारी म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. “नोटीस मागे घेतली असं समजा. मिटलं.”

“माझं मिटलं. उरलेल्या तेरा वर्गांचं काय? तिथे आज, या घडीला, मुलं कोंडून बसलीत. रविवारपर्यंत त्या खिडक्या उघडल्या नाहीत, तर सोमवारी हे दोन्ही कागद फाटकावर लावीन.”

“ही धमकी समजायची का?”

“तुम्ही पालकांच्या सह्या घेतल्यात, साहेब. आपण कशावर सही केली, एवढं तरी त्यांना कळू दे.”

शुक्रवारी दोन सुतार आले. ना अंदाजपत्रक, ना मंजुरी, ना तिमाही. दीड दिवसात तेरा वर्गांच्या खिडक्या उघडल्या. बाईंना बरं वाटायला हवं होतं, पण त्यांचा राग उलट वाढला. दीड दिवसाचं काम बारा वर्षं पडून होतं. दप्तरी नोंद झाली ती ‘विभागाच्या पुढाकारानं नियोजित दुरुस्ती’ अशी. नोटीस मागे घेतल्याचं पत्र काही आलं नाही. बाई दर आठवड्याला त्याबद्दल विचारत राहिल्या.

मुख्याध्यापक त्या शनिवारी वर्गात आले. मुलं गेली होती. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

“चारचौघांत तोंडघशी पाडलंत मला. दोन वर्षं राहिलीत माझी निवृत्तीला. वरून दट्ट्या आला तर मी काय करणार होतो?”

“सर, एखाद्या मुलाच्या घरात काही झालं असतं, तर तो ‘होय’ माझ्या नावावर होता.”

“झालं तर नाही ना काही.”

बाईंनी फळा पुसायला घेतला. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं, याची त्यांना खात्री नव्हती. पाठीमागे पावलांचा आवाज दूर गेला तेव्हा त्या वळल्या.

दुसऱ्या सोमवारी भिंगरीची आई मुलीला घेऊन आली. तिनं चारही खिडक्यांच्या कड्या स्वतः लावून-काढून पाहिल्या. मग संमतीपत्रातली ‘शाळा जबाबदार राहणार नाही’ ही ओळ पेनानं आडवी खोडली आणि खाली सही केली.

“चालेल असं?”

“चालवू,” म्हणत बाईंनी कागद फाईलला लावला.

त्या दिवशी हजेरी घेतली तेव्हा अडतीसपैकी एकतीस जण होते. सात नावांना उत्तर आलं नाही. फोन लावले तर चार बंद होते, दोन भलत्याच माणसांनी उचलले, एक वाजत राहिला. शाळा सुटल्यावर बाईंनी जुन्या नोंदवहीतून पत्ते उतरवून घेतले आणि मामांना बरोबर घेतलं. पहिल्या दाराला कुलूप होतं, कडीवर धूळ साचलेली. शेजारीण बाहेर आली.

“ते होय? ते तर शाळा बंद झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात गेले. पोरीचा बाप गेला ना साथीत. आई पोरीला घेऊन भावाकडे गेली म्हणे.” तिनं दोघांकडे निरखून पाहिलं. “तुम्ही शाळेतले का? इतक्या दिवसांत शाळेतून कुणीच कसं आलं नाही हो?”

बाईंनी त्या भावाचं गाव विचारलं, शेजारणीचा नंबर लिहून घेतला आणि त्या दुसऱ्या पत्त्याच्या गल्लीकडे वळल्या.