पेंढा भरलेलं वगारू

आमची चांदी म्हैस व्याली आणि तिचं वगारू चौथ्याच दिवशी मेलं. चांदी आधीच तापट, माझ्यासारखी. लेकराचा वास आल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. तिनं दूध चढवलं, कास दगडासारखी टणक झाली आणि हात लावला की लाथ. आमचे मालक बाजेवर बसून उंटावरून शेळ्या हाकत होते.

"वगाराच्या कातड्यात पेंढा भरायचा अन् उभं करायचं तिच्याम्होरं. आमचा बाप तसंच करायचा."

बापाला आलं म्हणून लेकाला येतंच असं नाही. कातडं मीठ-हळद लावून वाळवलेलं होतं. मालकांनी त्यात कडबा कोंबला, सुतळीनं शिवलं आणि चार काठ्यांवर ते उभं केलं. चांदीनं एकदाच हुंगलं आणि शिंगानं असं उडवलं की ते थेट उकिरड्यावर जाऊन पडलं.

तेव्हा मला राजेश्रीची आठवण झाली. ही माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा पूर्णेला रेल्वेत कंत्राटी कामावर, आठवड्याला घरी येणारा. ती फेल्टच्या कापडाची जनावरं शिवायची. ससे, हत्ती, मेंढरं. पोखर्णीच्या जत्रेत लेकरं तिच्या दुकानापुढून हलायची नाहीत. भाद्रपदात तिची लेक भक्ती तापानं गेली, अकरा महिन्यांची. तेव्हापासून शिवणाची पेटी बंद. राजेश्री जेवायची, भांडी घासायची, पण विचारलेल्याचं उत्तर द्यायची नाही. मला तिचा राग यायचा आणि मग चुलीपुढं बसून रडू यायचं. एकदा हात सुईला लागला की ती माणसात येईल, एवढंच माझ्या मनात होतं.

मी वगारू उकिरड्यावरून उचललं आणि तिच्यापुढं ठेवलं. "एवढं नीट भरून दे, बाई. म्हशीचे हाल बघवंनात."

तिनं त्याच्या पोटावरून हात फिरवला. "कडबा टोचायलाय, अक्का. लेकरू असं टोचतंय का कुठं?"

मग ती उठली आणि सामान शोधायला लागली. नवा भुसा नको म्हणाली, त्याला परका वास. चांदी ज्यावर बसायची तेच गवत तिनं वेचून वाळवलं. वगारू भरलं तर हलकं वाटलं. "लेकरू मायच्या अंगावर रेलतंय. हे वाऱ्यानं हालायलंय," म्हणून तिनं पोटात ज्वारीची पुरचुंडी घातली. मान मऊ हवी, तर शेजारच्या शिवारात मेंढरं बसवलेल्या धनगरांकडून काळी लोकर मागून आणली. शिवून झाल्यावर वगारू दुपारभर उन्हात ठेवलं.

"ते कशाला?" मी विचारलं.

"गार लेकरू कोन जवळ घेईल?"

दिवस कलताना वगारू चांदीपुढं उभं केलं. चांदीनं हुंगलं. थांबली. परत हुंगलं आणि चाटायला लागली. म्हैस फक्त आपल्या लेकराशी बोलते तसा घोगरा आवाज तिच्या घशातून आला. मी कासेखाली बसले तर पहिल्याच ओढीला धार. मी हरखून वर बघितलं. राजेश्री चांदीच्या डोळ्यांकडं टक लावून उभी होती.

"अक्का, तिला कळत न्हाई का?"

"जनावर हाय ते. त्याला काय कळतंय!"

"कळतंय तिला," राजेश्री म्हणाली. "तरी चाटायलीय."

माझ्या अंगावर काटा आला. पण पेटी उघडली होती, तेवढ्यावर मी समाधान मानलं. आम्ही सगळेच कुठं ना कुठं दुधाची तहान ताकावर भागवतो, तिनंही भागवावी.

ती पुन्हा सामान गोळा करायला लागली. नवऱ्याकडून परभणीहून फेल्ट मागवलं, तेही गव्हाळ रंगाचं. गव्हाळ ससा कुणी पाहिलाय? पण मी तोंड बंद ठेवलं, आणि तोंड बंद ठेवणं माझ्या स्वभावात नाही. माझं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं तिनं भरायला नेलं. मग ज्वारीच्या कणगीपाशी आली. ज्वारी फडक्यात घेऊन दोन्ही हातांवर तोलली. थोडी काढली, थोडी घातली, परत तोलली. डोळे मिटलेले होते. पुरेसं वजन भरलं तेव्हा तिचा खांदा आपोआप एका बाजूला कलला. लेकरू कडेवर घेतल्यावर बाईचा खांदा असाच कलतो.

तेव्हा मला कळलं ती काय शिवतेय.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "अक्का, भक्तीचं जावळ तुमच्याकडं हाय ना?"

होतं. मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढलं, तेव्हाचे ते केस गंगेत सोडायचे राहून गेले होते. माझ्या ट्रंकेत फडक्यात बांधून ठेवले होते.

"गंगेत सोडलं कवाच," मी म्हणाले.

चांदीनं त्या कडब्याच्या वगाराकडं बघितलं होतं तसं तिनं माझ्याकडं बघितलं. "बरं. लोकर हाय उरलेली."

त्या संध्याकाळी धार काढून आले तर तिचं दार लोटलेलं. आत राजेश्री कुशीवर पडली होती. कुशीत ते होतं. डोक्यावर भक्तीची न धुतलेली कुंची, खालून डोकावणारी काळी लोकर, आणि तोंडाच्या जागी नुसतं गव्हाळ कापड. राजेश्रीचं झंपर ओलं झालं होतं. दिवाळीआधीच आटलेलं दूध.

हे चुलीत घालायचं, आत्ताच्या आत्ता, असं मी ठरवलं. "दे इकडं."

तिनं मुकाट्यानं दिलं. "डोळे लावले न्हाईत अजून. निजलीय."

ते कोमट होतं. दुपारभर गच्चीवर उन्हात ठेवलेलं मी स्वतः बघितलं होतं. जड होतं, ती ज्वारी माझ्याच कणगीतली. वास कुंचीचा. मऊपणा माझ्या लुगड्याचा. मला एकूण एक गोष्ट ठाऊक होती. मी चुलीकडं वळले. उंबरा ओलांडताना त्याची मान कलंडली आणि माझा हात चटकन मानेखाली गेला. दुसरा हात पाठीवर थोपटायला लागला. मी थांबवायला बघितला, थांबेना.

"हळू, अक्का," मागून राजेश्री म्हणाली. "उठंल."

गोठ्यात चांदी रेकली. मी चुलीपाशी गेलेच नाही. ते तसंच खांद्यावर धरून मी ट्रंकेपाशी बसले, एका हातानं कडी काढली आणि जावळाचं फडकं मागोमाग आलेल्या राजेश्रीच्या हातात दिलं.