शेवटच्या डब्यातली जागा

जो जीवाला शिखरावर नेतो आणि उतारावरही ज्याचा हात सुटत नाही, त्या नारायणाला प्रथम वंदन. त्यानंतर त्या संतांना, जे स्वतः पैलतीर पाहून आल्याखेरीज दुसऱ्याला नावेत बसवीत नाहीत. त्यांचे स्मरण ठेवून ही कथा सांगतो.

पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या डोंगरांत, जिथे एके काळी ट्रामचा मार्ग संपत असे, तिथे टॅनर्स ग्रोव्ह ही करमणुकीची बाग होती. रविवारी ट्रामगाड्या रिकाम्या धावू नयेत म्हणून ट्रामवाल्यांनीच ती वसवली होती; पुढे ट्राम गेल्या, बाग राहिली. बागेच्या कडेला पांढऱ्या रंगाचा, सगळा लाकडाचा रोलर कोस्टर उभा होता आणि त्याला सारा मुलूख 'खेचर' म्हणत असे. नाव थट्टेचे नव्हते. फार पूर्वी त्या डोंगरांतून कोळशाच्या वाघिणी आपल्याच भाराने उतारावरून खाली धावत, आणि रिकाम्या वाघिणी परत वर ओढायला लागणारी खेचरेही त्याच गाडीला जोडलेल्या डब्यात उभी राहून खाली येत. म्हणतात की एकदा असे वाऱ्यावर खाली आलेले खेचर पुन्हा कधी पायी उतरायला तयार होत नसे, मग चाबूक मोडेपर्यंत मारा. मुक्या जनावराला जे कळले तेच पुढे माणसांना कळले. आठवडाभर जमिनीच्या पोटात उतरणारे खाणकामगार रविवारी बायकामुलांना घेऊन येत आणि केवळ खाली पडण्याच्या सुखासाठी उंच चढत. जे भय आपण होऊन पत्करले आणि ज्याच्या शेवटी फलाट आहे, ते भय माणसाला हलके करते.

त्या शेवटच्या फलाटाची हमी अमॉन झर्बी देत असे. एकतीस वर्षे रोज सकाळी तो हातोडी घेऊन रुळांच्या कडेच्या फळीवरून संपूर्ण खेचर चालून जाई, प्रत्येक तुळईवर ठोका देई आणि कुजलेले लाकूड आवाजावरून ओळखी. चालण्यापूर्वी आपला पितळी बिल्ला तो फलाटावरच्या लिव्हरला अडकवी. बिल्ला तिथे असेपर्यंत गाडी सोडायची नाही, असा नियम होता. मग दोन फेऱ्या रिकाम्या होत. तिसऱ्या फेरीला अमॉन स्वतः शेवटच्या डब्यातल्या शेवटच्या बाकावर बसे, कारण सर्वांत जास्त हिसके तिथे बसतात, आणि उतरल्यावर वहीत सही करी. ही रीत त्याला सासऱ्याने घालून दिली होती. "ज्या जागेवर आपण बसलो नाही, ती जागा दुसऱ्याला देऊ नये," एवढेच म्हातारा सांगे.

त्या वर्षीच्या जूनमध्ये, एका बुधवारी, अमॉनने ती रीत मोडली. कंबर रात्रभर ठणकत होती, फाटकाशी शाळेच्या सहलीच्या बसगाड्या उभ्या होत्या आणि बागेचा नवा व्यवस्थापक हॅफर फलाटावर घड्याळाकडे पाहत उभा होता. अमॉनने रिकाम्या बाकाकडे एकदा पाहिले आणि न बसता सही केली. दिवस सुखरूप पार पडला. कुणाला काही कळले नाही.

अमॉनला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. रविवारी चर्चच्या सहलीला त्याला 'पॅपी' म्हणणारी त्याची नात लीना येणार होती. फलाटाशी लाकडी खेचराची आकृती उभी होती; ज्या मुलाचे डोके त्या खेचराच्या कानाला लागेल त्यालाच गाडीत बसता येई. दोन वर्षे लीना टाचा उंचावून रडत परतली होती, आणि यंदा तिचे डोके कानाला लागत होते. रविवारच्या आत एकदा मनापासून बसायचे, खरी सही करायची आणि मनातले ते कुसळ काढून टाकायचे, असे त्याने ठरवले.

गुरुवारी चालणे संपवून तो फलाटावर आला तेव्हा लिव्हर ओढणारा स्टॅश जेवणाच्या डब्यातून पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, काढून खात होता. वीस वर्षांची दोघांची जोडी.

"चल, सोड गाडी. बसतो मी," अमॉन म्हणाला.

"परत?"

"परत काय? अजून बसलोच कुठे?"

स्टॅश चावता चावता थांबला. "अरे बाबा, आत्ता तर उतरलास. टोपीवर हात ठेवून, राजासारखा. म्हातारपण आलं तुला, पण निदान सांगून यायचं होतं त्याने!"

अमॉन हसला नाही. त्याने वही उघडली. तारखेपुढे त्याची सही होती. आडनावाचे पहिले अक्षर खाली आकड्यासारखे वळवायची त्याची सवय सासऱ्यालाही आवडत नसे, ते वळणही तसेच होते. शेवटच्या बाकाशी जाऊन त्याने चामड्यावर तळवा ठेवला. चामडे उबदार होते.

सही झाल्यावर चाचणीची फेरी पुन्हा होत नसे. दहा वाजता फाटक उघडले.

शुक्रवारी तो तासभर आधी आला. स्टॅश त्याच्याही आधी हजर होता आणि वैतागलेला होता. "तूच काल सांगितलंस ना, लवकर ये म्हणून? आलो, तुला फिरवलं, तू सही केलीस. आता आणखी काय हवंय तुला, बँड लावू?" वहीत सही होती. बाक उबदार होता. अमॉनने हॅफरला गाठून सगळे सांगायचा प्रयत्न केला, पण बुधवारची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येईना, आणि बुधवारची गोष्ट जिभेवर येईना. शेवटी तो एवढेच म्हणाला, "मला आणखी एक फेरी हवी आहे."

"मिस्टर झर्बी, तुम्ही रोज बसताय, रोज सही करताय," हॅफर सौम्यपणे म्हणाला. "तक्रार नक्की कशाची आहे तुमची?"

अमॉन दिवसभर संतापाने धुमसत राहिला. खोटे बोलणाऱ्याशी भांडता येते. पण सगळेच खरे बोलत होते.

संध्याकाळी पत्नीला, व्हर्नाला, त्याने बुधवारची गोष्ट सांगितली. काकवीचा केक कापता कापता ती थांबली. सासऱ्याची मुलगी ती. तिला त्या रीतीचे वजन ठाऊक होते.

"एकतीस वर्षांत एक दिवस," ती अखेर म्हणाली. "जा आणि उद्या बस. फिटलं."

"तेच तर करू देत नाहीत मला."

"कोण करू देत नाही?"

अमॉन उठून उद्यासाठी हातोडी पुसू लागला.

शनिवारी त्याने बिल्ला लिव्हरला अडकवला, ओढून पाहिला आणि स्टॅशच्या डोळ्यांसमोर बोटाने दाखवला. "मी खाली येईपर्यंत नाही. कळलं?" "कळलं रे, बाबा. शपथ हवी का?" मग तो चालू लागला. पहिल्या चढाच्या माथ्यावर, ऐंशी फुटांवर, तो तुळईवर ठोका देत असताना पायाखालची साखळी टकटक करीत जिवंत झाली. गाडी वर येत होती. कठड्याला पाठ टेकून त्याने श्वास रोखला. रिकामे डबे एकामागून एक त्याच्या छातीपासून हातभर अंतरावरून सरकले. शेवटच्या बाकावर करडी टोपी घातलेला एक म्हातारा डावा हात टोपीवर ठेवून समोर पाहत बसला होता. अमॉनकडे त्याने मान वळवली नाही. अमॉनही माथ्यावर कधी मान वळवीत नसे. उताराआधी मान वळवली की आखडते. पुढच्याच क्षणी गाडी उताराखाली दिसेनाशी झाली.

तो घाईघाईने खाली आला. बिल्ला त्याच्या स्वतःच्या कोटाच्या खिशात निघाला. "तूच काढलास की," स्टॅश म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, कीव होती. ती कीव अमॉनला सर्वांत असह्य झाली. हॅफरने त्याच दुपारी कळवले, रविवारनंतर मिस्टर झर्बींनी थोडी विश्रांती घ्यावी.

आता एकच सकाळ उरली होती.

रविवारी उजाडताना, दवाने फलाट ओला असतानाच, अमॉन येऊन शेवटच्या बाकावर बसला. त्याने मांडीवरचा आडदांडा स्वतःच्या हाताने खाली ओढला, खटका बसल्याचा आवाज ऐकला आणि दोन्ही हातांनी दांडा धरून ठेवला. चामडे गार होते. आज पहिल्यांदाच गार होते, आणि त्या गारव्याने त्याचे डोळे भरून आले.

स्टॅश आला. "बसलास का? बरं," एवढेच म्हणून त्याने दोन रिकाम्या फेऱ्यांचा हिशेब न करता लिव्हर ओढली.

साखळी टकटकली. झाडे खाली गेली, दरी उघडली, कोळशाच्या कचऱ्याचे काळे डोंगर उन्हात निळसर दिसले. माथ्यावर क्षणभर सगळे थांबले. मग पोटातून सारे वजन निघून गेले आणि साऱ्या आठवड्याची चीड, लाज, धुसफूस वाऱ्यावर मागे उडाली. खेचर पुन्हा पायी का उतरत नाही ते त्याला नव्याने उमगले. गाडी फलाटाला लागली तेव्हा तो हसत होता. फिटले होते.

स्टॅशने आडदांडे मोकळे केले. सगळे दांडे वर गेले. शेवटचा गेला नाही.

"स्टॅश, हा अडकलाय," अमॉन म्हणाला. स्टॅश उताराच्या वाटेकडे पाहत होता. त्या वाटेने हातोडी घेतलेला एक म्हातारा धापा टाकीत खाली येत होता.

"थांब, स्टॅश! मी अजून बसलो नाही."

"अरे, आत्ता तर उतरलास!"

म्हातारा तडक वहीकडे गेला. मग शेवटच्या बाकाशी आला, वाकला आणि त्याने चामड्यावर तळवा ठेवला. तो तळवा अमॉनच्या मांडीवर पडला, पण अमॉनला त्याचा भार जाणवला नाही. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा संताप त्याच्या ओळखीचा होता. आपण हाक मारली तर तो ऐकणार नाही, हेही त्याला ठाऊक होते. गुरुवारी आपण तरी कुठे काही ऐकले होते?

अकरा वाजता चर्चची मंडळी आली. लाकडी खेचराच्या कानाशी डोके लावून लीना धावत फलाटावर आली आणि सगळे रिकामे डबे सोडून थेट शेवटच्या बाकाशी थांबली.

"पॅपी, तू इथेच बसतोस ना? तू बसून पाहिलंस ना आज?"

फलाटावरच्या म्हाताऱ्याने रिकाम्या बाकाकडे एकदा पाहिले. मागे रांग लागली होती, व्हर्ना कौतुकाने पाहत होती आणि हॅफर घड्याळाकडे.

"हो, बाळा," तो म्हणाला. "बसलो."

लीना दांड्याखालून आत शिरली, मागे रेलली आणि खुदकन हसली.

"पॅपी, जागा अजून गरम आहे!"

दांडा दोघांवर आणखी एक खटका खाली आला. बाकावरच्या अमॉनने दोन्ही हात तिच्याभोवती घट्ट गुंफले, आणि साखळी टकटकू लागली.

हे ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरचे माणूस चढावरून आणि उतारावरून सुखरूप परत येवो. ज्याने त्याने आपल्याच जागेवर बसावे, आपल्याच जागेवरून उठावे, आणि सांज होताना उंबरठ्याच्या आत सगळ्यांची गणती पुरी भरो, हीच नारायणाच्या चरणी प्रार्थना.