चार बोटांचा उलटा ढाळ

भिंत सरळ आहे का ते पाहायच्या ओळंब्यावरून वस्तीत त्यांना सगळे ओळंबाकाका म्हणत. निवृत्त ओव्हरसीअर, बोलणे सरळ, आखणी सरळ, आणि आपल्या मोजमापाला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. आज मात्र त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता.

पावसाचे पाणी वस्तीबाहेर काढणारा चर खणून झाला होता. मजुरीऐवजी मदतीचे धान्य मिळे; शेवटची पोती दुपारी वाटायची होती. अखेरची तपासणी म्हणून काकांनी पातळी मोजायची, पाणी भरलेली पारदर्शक नळी लावली, मग पुन्हा लावून पाहिली. शेवटच्या वीस पावलांत चराचा तळ चार बोटे चढला होता. आखणीच्या दिवशी नळीचे एक टोक त्यांनी खुंटीला बांधले होते. ते घसरले असणार. आता पाणी मागे फिरून इस्त्रीवाल्या मावशींच्या दुकानात शिरणार होते.

मावशींनी तेव्हाच सांगितले होते. "काका, टोक मी धरते. इथं पाणी कसं तुंबतं ते मला ठाऊक आहे. दर पावसात गाठोडी मीच उचलते."

"मोजमाप माझ्यावर सोडा," काका म्हणाले होते.

वाटप समितीचे काम काकांच्या वहिनींकडे होते. काकांनी चूक आधी त्यांच्या कानावर घातली.

"वाटप झाल्यावर सांगा," वहिनी म्हणाल्या. "आधी सांगितलंत तर वाटेल, पोती अडवायला निमित्त काढलं."

"आणि नंतर सांगितलं तर उद्या फावडं कोण उचलेल?"

"भाऊजी, उद्या कोणी यावं असं तुम्ही ठेवलंय काय? चर तुमचा, नळी तुमची. लोकांचं काय, तर पोतं."

काका रांगेसमोर गेले. घसा खाकरून त्यांनी सारे सांगितले.

"म्हणजे ओळंबाच वाकडा निघाला," चर खणायला आलेला एक गवंडी म्हणाला. रांगेत हसू पसरले. त्यात माया नव्हती.

"धान्य तुमच्या कष्टाचं आहे, ते आजच मिळेल," काका म्हणाले. "चूक माझी. उद्या उजाडताच मी दुरुस्तीला येतो; त्या मजुरीला मात्र दाणाही उरलेला नाही."

लोक पोती उचलून गेले. मावशीही गेल्या.

दुसऱ्या दिवशी काका उजाडताच चरावर हजर झाले. चिटपाखरू नव्हते. त्यांनी दोन येरझाऱ्या घातल्या, पिशवी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. शेवटी नळीचे टोक खुंटीला बांधू लागले.

"सोडा ती गाठ." मावशी फावडे घेऊन उभ्या होत्या. मागे गवंडी आणि आणखी चौघे.

"बाकीचे?"

"दाराआडून बघतायत," गवंडी म्हणाला. "नळी खरंच आमच्या हातात देताय का ते."

काकांनी गाठ सोडली. टोक हाती येताच मावशी चरात उतरल्या, नळीतले पाणी स्थिर होईपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "खुंटी इथं नको. तिकडं, दुकानाच्या खालच्या अंगाला."

काकांच्या ओठांवर सवयीचे वाक्य आले होते. ते गिळून त्यांनी हातोडा पुढे केला. समोरचे एक दार उघडले.