शालीसोबत दिलेला शब्द

मी 'ध्येयवादी' बोलतोय. मी एक शब्द आहे; उच्चारला जातो तिथे ऐकतो, लिहिला जातो तिथून पाहतो. या हकिकतीचा पहिला भाग मी यंदाच्या दसऱ्याच्या सकाळी, पाथर्डी तालुक्यातील एका गावच्या समाजमंदिरात, सरपंच श्रीमंतराव यांच्या तोंडून प्रत्यक्ष ऐकला. उरलेला ऊसतोड कामगार लंकाबाईंकडून.

माझा अर्थ अवघड नाही. एखादे मोठे ध्येय मानून त्याप्रमाणे जगणारा, तो ध्येयवादी. पूर्वी मला जपून वापरत. बहुधा माणूस गेल्यावर, त्याचे काम तपासून. आता फ्लेक्सच्या दुकानात मी कायमचा छापून तयार असतो, फोटो तेवढे बदलतात. वाढदिवस, निवड, अभिनंदन. नव्या ट्रॅक्टरच्या पूजेलाही मला उभे केले आहे. वैताग येणार नाही तर काय?

रोहिणीच्या बाबतीत मात्र मी खरा होतो. आईबाप ऊस तोडायला गेले की पोरांची शाळा सुटते. ती सुटू नये म्हणून ही मुलगी त्यांना गावातच सांभाळते. यंदा तिचे घर पुरेना. समाजमंदिरामागची खोली हवी होती. खोलीत मांडवाचे सामान होते आणि किल्ली सरपंचांकडे.

त्यांनी तिचा सत्कार ठेवला. फ्लेक्सवर तिच्या नावाआधी मी, फूटभर उंचीचा.

नारळ हातात घेऊन रोहिणी सरपंचांना म्हणाली, "आप्पा, शाल ऱ्हाऊ द्या. खोलीची किल्ली द्या. गाड्या परवा निघत्यात, पोरं कुठं ठिवू?"

"अगं, तू ध्येयवादी! तुला खोली कशाला लागती? तू झाडाखाली बी शाळा भरवशील!"

टाळ्या पडल्या. मी तिच्या डोक्यावरच टांगलेला होतो. दोरी तुटली असती तर बरे झाले असते.

गाड्या निघाल्या, पोरेही निघाली. उतरवलेला फ्लेक्स कोपीवर, ऊसतोडीच्या तळावरच्या झोपडीवर, घालायला बरा, म्हणून मीही लंकाबाईंच्या बोचक्यात गेलो. आता कारखान्याच्या तळावर मी त्यांच्या कोपीचे छप्पर आहे, अक्षरे खाली. त्यांची लेक ज्ञानेश्वरी पडल्या पडल्या मला वाचते.

"आये, ध्येयवादी म्हंजी काय गं?"

"ज्याला किल्ली द्यायची नसती, त्याला म्हनत्यात. नीज आता."

हा अर्थ कोणत्याही कोशात नाही. खोडून काढावा, तर माझ्याकडे पुरावा नाही. एवढीच विनंती: पुढच्या दसऱ्याला मला लिहू नका. खोली उघडा.

एक गोष्ट मला पडताळता आली नाही. लंकाबाई म्हणतात, फ्लेक्स रोहिणीनेच उतरवला आणि 'पोरांच्या डोक्यावर तेवढंच' म्हणत त्यांच्या हाती दिला. तेव्हा मी घडी घातलेला होतो, अक्षरे आत. तिचा चेहरा मला दिसला नाही.