नाथाचे बूट

मित्रांनो, मी एक जुना पीटीचा बूट आहे, आणि तोही डावा. उजवा माझ्याशेजारीच बसला आहे, पण तो मुळात अबोल. अंगठ्यापाशी भोक पडल्यापासून तर त्याने बोलणंच टाकलं आहे. तेव्हा आम्हा दोघांची हकीकत मलाच सांगावी लागणार.

आमचं घराणं काही मोठं नाही. जाड पांढरं कापड, खाली रबराचा तळ आणि लेस ओवायला पितळी डोळे, एवढाच आमचा थाट. कारखान्यात भट्टीत तापवलं तेव्हाच आमच्या तळव्यावर पाचचा आकडा उमटला. आमच्या जातीत लहानपणापासून एकच गोष्ट मनावर ठसवतात, की तुमचा जन्म शाळेच्या मैदानासाठी आहे. खोक्यात पडल्या पडल्या मी खो-खोची, लंगडीची आणि पंधरा ऑगस्टच्या कवायतीची स्वप्नं बघत असे. लंगडी डाव्या पायावर घालायची की उजव्या, यावरून माझं आणि उजव्याचं एकदा भांडणही झालं होतं.

एकोणीसशे एक्क्याण्णवच्या जूनमध्ये आम्ही डोंबिवलीच्या फडके रोडवर, हरिहरशेटांच्या दुकानात पोचलो. शाळा सुरू होण्याआधी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. चार नंबरवाले गेले, सहा नंबरवाले गेले. पाच नंबरचे पाय त्या वर्षी गावात कमी पडले असावेत, कारण आम्ही फळीवरच राहिलो. गणपती आले नि गेले, तरी आमच्याकडे कुणी फिरकलं नाही.

मग एका दुपारी शेवंतीबाई आल्या. वय साठीला टेकलेलं, अंगावर सुती साडी, हातात छत्री. त्या राहायच्या स्टेशनच्या पलीकडे, पश्चिमेला. तिकडे बुटांची दुकानं नव्हती असं नाही, पण तिथले दुकानदार त्यांना ओळखत होते. त्यांना जे घ्यायचं होतं ते ओळखीच्या माणसासमोर घ्यायचा धीर होत नव्हता, म्हणून त्या पूल ओलांडून इकडे आल्या होत्या.

“पीटीचे बूट दाखवा. नातवाला हवेत,” त्या म्हणाल्या.

“त्याला घेऊन या ना ताई. माप कसं कळणार?”

“त्याचा पाय माझ्याएवढाच आहे.” असं म्हणून त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी मला पायात चढवलं. हरिहरशेटांचा जन्म लोकांचे पाय बघण्यात गेला होता. त्यांनी फक्त उजव्यालाही पुढे सरकवलं.

मित्रांनो, शेवंतीबाईंना नातू नव्हताच. एक मुलगा होता, आनंद, आणि त्याचं अजून लग्न व्हायचं होतं.

माझी सगळी स्वप्नं त्या स्टुलापाशीच संपली. पण खरं सांगतो, त्या पायाची मला कीव आली. वागळे इस्टेटमधल्या एका औषध कंपनीत शेवंतीबाई पॅकिंगला होत्या. सिमेंटच्या फरशीवर उभं राहून त्यांनी उभी नोकरी काढली, आणि निवृत्त झाल्यावर टाचांनी हिशेब मागितला. सकाळी खाटेवरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ यायची. डॉक्टर म्हणाले, टाचेचं हाड वाढलंय, चपला सोडा, मऊ बूट घाला आणि रोज चाला. चालला नाहीत तर पुढे घरातल्या घरात फिरायलाही भिंत धरावी लागेल. शेवंतीबाईंचे यजमान जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. बाजार, बँक, देऊळ, मैत्रिणी, जे काही त्यांचं होतं ते सगळं स्वतःच्या पायांवर होतं. त्यामुळे त्या बाकी कशाला नाही, पण त्या भिंतीला फार घाबरल्या.

पहिले काही दिवस त्यांनी आम्हाला साडीखाली घातलं. साडीचा फॉल लेसमध्ये अडकायचा. शेजारच्या मंजुळाबाईंनी जिन्यात गाठून विचारलं, “काय शेवंतीताई, परेडला निघालात काय?” त्यावर शेवंतीबाई हसल्या, पण दुसऱ्या दिवशी त्या फिरायला बाहेर पडल्या नाहीत.

वाट काढली ती रतनबाईंनी. या त्यांच्या कंपनीतल्या मैत्रीण, जिभेला हाड नसलेल्या. “अगं, साडीखाली बूट दिसतात म्हणून हसतात,” त्या म्हणाल्या. “ड्रेस घाल, मग बूट बुटासारखे दिसतील. मी नाही घालत? कोण मेलं त्याने?”

आणि मग फिक्या निळ्या रंगावर बारीक पांढरी फुलं असलेला पंजाबी ड्रेस शिवून आला. शेवंतीबाईंनी तो पहिल्यांदा घातला, ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनांनी पक्की केली आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. आधी त्यांनी चेहरा बघितला नाही, खाली आमच्याकडे बघितलं. सलवारीच्या मोहरीखाली आम्ही खरोखरच शोभत होतो. एरवी मी स्वतःची स्तुती करत नाही, पण त्या दिवशी करायला हरकत नव्हती.

मैदान आमच्या नशिबात होतंच. रोज सकाळी आम्ही भागशाळा मैदानाला फेऱ्या मारू लागलो. तिथे मुलं खो-खो खेळायची आणि त्यांचे बूट धुळीत लोळायचे. आमचं तसं नव्हतं. शेवंतीबाई दर रविवारी आम्हाला धुवायच्या, ओल्या खडूने पांढरं करायच्या आणि खिडकीच्या गजांत उन्हाला ठेवायच्या. महिन्या-दोन महिन्यांत टाचेची कळ उतरली. आता त्या बाजारात भाजीवाल्याशी उभ्या उभ्या वाद घालू शकायच्या, आणि त्या तो मन भरेपर्यंत घालायच्या.

आनंद माणूस वाईट नव्हता. पण लोक काय म्हणतील, हे लोकांनी म्हणायच्या आधीच त्याला ऐकू यायचं. “आई, या वयात ड्रेस, आणि खाली हे बूट. माझ्या ऑफिसातले लोक याच रस्त्याने जातात,” तो म्हणायचा. लोक घोड्यावर बसू देत नाहीत आणि पायीही चालू देत नाहीत, हे शेवंतीबाईंना ठाऊक होतं. पण मुलगा म्हणतो तेव्हा ते जास्त लागतं. त्या नुसतं म्हणायच्या, “अरे, दुखतंय ते मला ना.”

पुढच्या मे महिन्यात रतनबाईंनी आनंदसाठी एक स्थळ आणलं. मुलीचं नाव जया, राहायला पूर्वेला रामनगरात. दोन ठिकाणी आधीच नकार आला होता, त्यामुळे आनंद या खेपेला फार जपून होता. त्याने आईला बजावून सांगितलं, की साडी नेसायची आणि पायात नव्या चपला. शेवंतीबाईंना सून हवी होती, बुटांवरून वाद नको होता. त्यांनी रेशमी साडी नेसली, नव्या चपला घातल्या, आणि आनंद बघत नाही असं बघून आम्हाला कापडी पिशवीत टाकलं.

पुलाच्या पायऱ्या चढता चढताच कळ परत आली. शेवंतीबाई कठड्याला टेकल्या आणि त्यांनी पिशवीत हात घातला. आनंदचं तोंड उतरलं. “त्यांच्या दाराशी पोचले की बदलते,” त्या म्हणाल्या. तसं त्या बदलणारही होत्या. पण तिसऱ्या मजल्यावर पोचतो न पोचतो तोच जयाच्या वडिलांनी, मधुकररावांनी, हसत हसत दार उघडलं. शेवंतीबाईंनी घाईघाईने आम्हाला पायातून काढलं, आनंदच्या चकचकीत काळ्या बुटांशेजारी ठेवलं आणि त्या अनवाणी आत गेल्या. आमच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. आनंदने सुटकेचा निःश्वास टाकला, तो मला दाराबाहेर ऐकू आला.

दार उघडंच होतं, त्यामुळे पुढचं सगळं मी बघितलं. जया पोहे घेऊन आली. मधुकररावांनी माणसं मोजली, मग त्यांची नजर दाराबाहेर आमच्यावर पडली.

“अहो, तुमच्यातला छोटा बाहेरच राहिला वाटतं,” ते म्हणाले. “त्याला बोलवा की, पोहे गार होतील.”

शेवंतीबाई तोंड उघडणार, एवढ्यात आनंद म्हणाला, “हो, तो आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा. हट्टाने आलेला. खाली खेळत असेल.”

“अनवाणी? या उन्हात? नाव काय त्याचं?”

आनंद क्षणभर अडखळला. “नाथा,” तो म्हणाला.

जगात नसलेल्या मुलासाठी एक बशी वाढली गेली. मधुकरराव चपला अडकवून स्वतः खाली गेले. फाटकाशी उभं राहून ते “नाथा, ए नाथा” अशा हाका मारत होते, त्या तीन मजले चढून वर येत होत्या. कुणीच ओ दिली नाही. ते धापा टाकत वर आले, तसेच गच्चीवर गेले, आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता.

“गच्चीवर पण नाही,” ते बायकोला म्हणाले. “मागच्या पाण्याच्या टाकीचं झाकण सकाळपासून उघडं आहे गं. मी बघून येतो.”

जयाची आई उठून उभी राहिली. आनंद हातातल्या बशीकडे बघत बसला. मी शेवंतीबाईंचे पाय बघत होतो. ते अंगठे मला पाठ होते, आणि त्यांनी फरशी घट्ट धरली होती.

“थांबा,” शेवंतीबाई म्हणाल्या. “टाकीत कुणी नाही. नाथा म्हणून कुणी नाहीच. बूट माझे आहेत.”

मधुकरराव दारातच थबकले. मग कोपऱ्यातल्या खुर्चीतून जयाच्या आजी, सगुणाबाई, बोलल्या. त्यांचे दोन्ही गुडघे सुजलेले होते.

“तुमचे? त्याने बरं चालता येतं का हो?”

“येतं. नाहीतर मला भिंत धरायला लागली असती.”

“मग चालून दाखवा बघू,” सगुणाबाई म्हणाल्या. “आम्हाला बघायला आले तेव्हा मला अंगणात चालायला लावलेलं, लंगडते का बघायला. आज तुम्ही चाला. बूट घालून, बाहेर गॅलरीत.”

मित्रांनो, मुलगी बघायच्या कार्यक्रमात नवऱ्या मुलाच्या आईला कुणी चालायला लावल्याचं तुम्ही ऐकलं आहे का? मीही ऐकलं नव्हतं. शेवंतीबाई बाहेर येऊन पायरीवर बसल्या. रेशमी साडीत वाकून लेस बांधणं त्यांना जमेना. आनंद दोन हातांच्या अंतरावर उभा होता आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. जया आनंदकडे बघत होती. थोडा वेळ तिने वाट बघितली, मग स्वतः खाली बसून माझी लेस बांधली. शेवंतीबाई उठल्या आणि गॅलरीच्या टोकापर्यंत जाऊन परत आल्या. आयुष्यात कुठल्या कवायतीत मी इतका ताठ चाललो नसतो.

“झकास,” सगुणाबाई म्हणाल्या. “माझ्या मापाचे मिळतील का?”

परतताना पुलावर आनंद आईच्या पुढे पुढे चालत राहिला. चौथ्या दिवशी नकार आला. आनंदने आम्हाला उचललं आणि माळ्यावर, गणपतीच्या मखरामागे टाकलं. “झालं समाधान? बुटांपायी मोडलं,” तो म्हणाला. शेवंतीबाईंनी वाद घातला नाही. त्यांनाही तसंच वाटत असावं. त्यांनी निळा ड्रेस घडी करून कपाटात तळाशी ठेवला.

माळ्यावर अंधार आणि झुरळं. आमच्यावर धूळ बसली, उजव्याची लेस उंदराने कुरतडली. पण मला त्याचं काही वाटलं नाही. खालून येणारा आवाज मात्र छळायचा. सकाळी खाट करकरायची, मग थोडं थांबून भिंतीवर तळहात घासल्याचा आवाज यायचा. पायीची वहाण पायीच बरी, असं लोक आम्हाला हिणवण्यासाठी म्हणतात. मला मात्र तेव्हा ते अक्षरशः पटलं.

पंधरा-वीस दिवसांनी रतनबाई आल्या. शेवंतीबाईंना चालताना बघून त्यांनी कपाळाला हात लावला. “बूट कुठायत?”

“त्यांच्यामुळेच मोडलं ना,” आनंद म्हणाला.

“कोण म्हणालं तुला? मी स्वतः मुलीशी बोलले. बुटांबद्दल तिचं काहीच म्हणणं नाही. नाथाबद्दल आहे. ती म्हणाली, आईचे बूट ज्याला आईचे म्हणवत नाहीत, तो उद्या माझं काय काय लपवील? तिच्या म्हाताऱ्या आजीने तर तसलेच बूट आणलेत आणि सकाळी गल्लीत फिरते. आणि शेवंती, तू बस भिंत धरून.”

 त्या रात्री आनंद जेवणावरून लवकर उठला, एवढं मला कळलं. रविवारी त्याने स्टूल लावून आम्हाला खाली काढलं. आम्हाला धुतलं, खडू लावला. काम अगदीच कच्चं होतं. निम्मा खडू त्याने पितळी डोळ्यांत भरला. पण नवी लेस ओवली आणि आम्हाला आईच्या खाटेशी, त्या पाय टेकवतात तिथे, नीट जोडीने ठेवलं. माफी वगैरे तो बोलला नाही. शेवंतीबाईंनी सकाळी पाय खाली सोडले, तेव्हा तो खाली बसला आणि लेस बांधू लागला. त्याने गाठ इतकी घट्ट मारली की मला जरा दुखलं, पण मी चालवून घेतलं.

दिवाळीनंतर ठाण्याला आणखी एक मुलगी बघायला गेलो. शेवंतीबाई निळ्या ड्रेसमध्ये होत्या आणि आम्ही त्यांच्या पायांत. त्या घरच्या काकांनीही आम्हाला दाराबाहेर बघून तेच विचारलं, की बरोबर कुणी लहान मूल आहे का.

“नाही,” आनंद म्हणाला. “ते आईचे आहेत.”

तिथेही जमलं नाही, पत्रिका आडवी आली. पण त्या संध्याकाळी परत येताना आनंद आईच्या पुढे चालत नव्हता, शेजारून चालत होता.

आता माझा तळ झिजून पातळ झाला आहे आणि पाचचा आकडा पुसला गेला आहे. शेवंतीबाईंच्या पायांत नवी जोडी आहे, त्यांनी ती पश्चिमेच्याच दुकानातून, स्वतःसाठी म्हणून मागून घेतली. मित्रांनो, आम्हाला धुवा, खडू लावा, उन्हात ठेवा, हे मी सांगायलाच हवं, आणि सांगतोच. पण आम्ही कापडाचे, आज ना उद्या फाटणारच. तुमच्या घरी कुणी आलं आणि दाराबाहेरचे बूट बघून हे कुणाचे असं विचारलं, तर एवढंच करा. ज्याचे असतील त्याचं नाव सांगा.